डाव्या दारावरचा हात

दारावर हात उमटला होता, आणि तो डावा होता.

रनीमने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत लावला. हात तिथेच होता. पडद्यावर ड्रायव्हरच्या बाजूचं, डावं दार हिरवंगार पसरलेलं. हिरवं म्हणजे सगळं ठीक: तिने ताणलेला गुळगुळीत पृष्ठभाग आणि खालचा मोजलेल्या बिंदूंचा ढग एकमेकांना धरून आहेत. जिथे माती वर आली तिथे लाल, जिथे दबली तिथे निळं. त्या हिरव्याच्या मधोमध, दाराच्या मुठीपासून थोडं मागे, निळा तळवा टेकलेला. अंगठा मागच्या चाकाकडे, करंगळी पुढच्या चाकाकडे. मधलं बोट पूर्ण. अनामिका अर्धी. तर्जनीच्या जागी काहीच नाही. तिथे मोजणी कच्ची राहिली असेल, असं तिने धरलं.

अर्ध्या अनामिकेवरून तिने हात ओळखला होता. तिचे बाबा, मुनीर, तरुणपणी पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचे तेव्हा ते बोट गेलं होतं. लहानपणी रनीम त्या उरलेल्या अर्ध्या बोटाला धरूनच रस्ता ओलांडायची. पण ते बोट उजव्या हाताचं. बाबांचा डावा हात शेवटपर्यंत धडधाकट होता. मग हा डावा, अर्ध्या बोटाचा हात कुणाचा?

आरशातलं कुणीतरी बाहेर येऊन गाडीला टेकून गेलं असावं, तसं वाटलं तिला. 

तिने पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीकडे पाहिलं. तिथे तिची तान्ही मिराल पाळण्यात पालथी झोपली होती. चार गल्ल्या पलीकडे, आईच्या घरी. पाळण्यावर कॅमेरा रनीमनेच बसवला होता, आणि कामावर परत आल्यापासून ती खिडकी तिने एकदाही मिटली नव्हती. चित्रात एक हात आला, बाळाच्या पाठीवर टेकला, थोडा थांबला, निघून गेला. यम्माचा, तिच्या आईचा हात. पांघरूण वर झालं, खाली झालं. मग रनीमने स्वतःचा श्वास सोडला.

बाबा हिवाळ्यात गेले. मोठ्या कंपनीच्या स्टुडिओत, पूर्ण आकाराच्या मातीच्या गाडीपाशी. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं: भट्टीतून काढलेली गरम, मेणचट माती सांगाड्यावर थापायची, पट्टीने खरवडायची, आणि शेवटी डोळे मिटून तळवा फिरवायचा. "डोळे फसतात, तळवा फसत नाही," म्हणायचे. त्या संध्याकाळी सगळे घरी गेले होते. पहारेकऱ्याला ते गाडीला पाठ टेकून बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले. त्यांना कळलंसुद्धा नसेल.

दिलासा म्हणून सगळे तेच सांगत राहिले. मशिदीत सांत्वनाला आलेल्या बायका, बाबांचे सोबती, पहारेकरी, सगळे. क्षणात. दिवा मालवावा तसं. आणि दर वेळी ते ऐकलं की तिची आई सलवा आणखी थोडी विझायची. तरी परत विचारायची: "नक्की क्षणात? उभा नव्हता राहिला? काही बोलला नाही?" त्या दिवसापासून ती पलंगावर झोपली नव्हती. खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायची, मान पडली की दचकून उठायची. रनीमला वाटे, बाबांना यातना झाल्या असतील या भीतीने तिला ग्रासलंय. म्हणून तीही म्हणायची, "हो यम्मा, क्षणात. डॉक्टर खोटं कशाला बोलतील?"

मग ती गाडी रनीम काम करायची त्या दुकानात आली. गाडी म्हणजे तिचा ढग. मातीवर लेझर फिरवून उचललेले कोट्यवधी बिंदू, कवडशातल्या धुळीसारखे. त्यातून भरकटलेले बिंदू झटकायचे, उरलेल्यांवर पृष्ठभाग ताणायचा. कमीत कमी खुंट्यांवर तंबूचं कापड ताणावं तसा. खुंट्या जास्त झाल्या की सुरकुत्या येतात. त्यावरून पुढे साचे बनतात, साच्यांतून दारं. मालक ग्लेनने तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का? मला समजतं, रनीम." तिने मान हलवली. बाबांच्या हातावरून शेवटचा हात फिरवायचा तर तो आपलाच असावा.

आता तो हात समोर होता, आणि चुकीच्या बाजूचा होता.

तिने त्या जागी खुंट्या वाढवल्या. पृष्ठभाग आत ओढला गेला, बोटांच्या फटींत शिरला, आणि दारामागून कुणीतरी पातळ कापडावर हात दाबून धरलाय असं दिसायला लागलं. तिने घाईने ते पुसलं. मग हाताखालचे बिंदूच काढून टाकले. आता हिरव्या दारात पंजाच्या आकाराचं काळं भोक पडलं. ते जास्त वाईट होतं. तिने बिंदू परत आणले.

"किती राहिलं?" ग्लेन कॉफीचा मग घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"दार."

"दाराला काय धाड भरली?"

"खळगा आहे."

"भरून टाक आणि पुढे चल. टेकलं असेल कुणीतरी मातीला. लोकांना उभं राहता येत नाही टेकल्याशिवाय." बोलता बोलता त्याची नजर पडद्यावर गेली आणि तो थांबला. "माफ कर. मी… माफ कर." तो मगात बघतच निघून गेला.

रनीम उठून मागच्या खोलीत गेली. तिथे लमाँट लेझरच्या भिंगाला फडकं मारत होता. मोजणी सगळी तोच करायचा. जाडजूड, पन्नाशीचा, तोंडाने अखंड चालू.

"लमाँट, त्या गाडीवर एक हात आहे."

"एकच? माझ्या बायकोच्या गाडीवर बघ, सगळ्या गल्लीतल्या पोरांचे आहेत."

"मस्करी नको रे. डावा हात आहे. अर्ध्या अनामिकेचा."

लमाँटचं फडकं थांबलं. तो बाबांना ओळखायचा. बाबांनी त्याला कितीदा शिव्या घातल्या होत्या, माझ्या मातीवर मोजणीची पांढरी पावडर मारताना नाक शिंकरू नकोस म्हणून. "मुनीरचं ते बोट उजव्या हाताचं होतं," तो हळू म्हणाला.

"तेच तर."

त्याने डोकं खाजवलं. मग चेहरा हळूहळू पडला. "पोरी, ती बाजू उलटवलेली आहे."

"म्हणजे?"

"ड्रायव्हरची बाजू मोजायला गेलो तर तिथली माती तडकलेली. त्या दिवशी रुग्णवाहिकेवाल्यांनी गाडी ढकलली होती ना, तेव्हा. मग पलीकडची मोजली, भिंतीकडची, आणि इकडे उलटवून टाकली. आपण नेहमी एकच बाजू मोजतो, दुसरी आरशात घालून काढतो. मला वाटलं, त्यात सांगायचं काय? डावं काय, उजवं काय, गाडी तर सारखीच."

गाडी सारखीच. या धंद्यात सगळ्यांना अंगवळणी पडलेली गोष्ट. अर्धंच खरं मोजायचं, उरलेलं पालटून घ्यायचं, आणि कुणी विचारायचं नाही की खरं अर्धं कुठलं.

"तुला तो हात दिसला नाही?"

"दबल्यासारखं काहीतरी दिसलं. पावडरखाली सगळं पांढरं. टेकलं असेल कुणी, म्हटलं."

"तिथे माती ताजी होती का? गरम?"

"कुठली ताजी! ती बाजू केव्हाच पुरी झालेली. दगडासारखी गार." तिने हे का विचारलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो एकदम गप्प झाला. लमाँट गप्प झालेला रनीमने पहिल्यांदाच पाहिला. "माती बघता येईल का म्हणशील तर… खरवडून नेली त्यांनी. भट्टीत गेली. दुसऱ्या गाडीवर चढली पण असेल."

जागेवर येऊन तिने दार परत पालटलं. हात भिंतीकडच्या दारावर गेला आणि उजवा झाला. बाबांचा. अंगठ्याचा तो बाहेर वाकलेला कोनसुद्धा त्यांचाच.

भुताची भीती गेली. तिच्या जागी दुसरी आली.

लहानपणी बाबा खिशातून त्या मातीचे तुकडे आणायचे. गार असली की नखसुद्धा उमटत नसे. मग ती मुठीत धरून बसायची, बराच वेळ, हात दुखेपर्यंत. तेव्हा कुठे माती माणसाची ऊब घ्यायची आणि मऊ व्हायची. या दारावर तळव्याची टाच खोल गेली होती. इतकी खोल जायला बाबा नुसते टेकले नसणार. सगळा भार त्या हातावर टाकून उभे राहिले असणार, मातीला ऊब चढेपर्यंत. आणि खालच्या अंगाला एक लांबट ओघळ होता, हात घसरत खाली आल्याचा. मग ते बसले.

क्षणात नव्हे. मुळीच नव्हे. भिंतीच्या बाजूला, जिथलं पहारेकऱ्याच्या काचेतून दिसत नाही, तिथे तिचे बाबा एकटे उभे होते, आणि त्यांना सगळं कळत होतं.

कोपऱ्यातल्या खिडकीत यम्माचा हात परत आला, बाळाच्या पाठीवर टेकला.  हे यम्माला कसं सांगायचं? आधीच अर्धी झालीय. हे ऐकलं तर उरलेली जाईल. आणि ती गेली तर त्या पाळण्यावर कोण हात ठेवणार? नवरा ट्रक घेऊन पार ओहायोत. नाही. सांगायचंच नाही. हिरवं आहे सगळं, म्हणायचं.

दुपारी ती मिरालला पाजायला आईकडे गेली. दारातच तळलेल्या कांद्याचा वास आला.

"आज तोंड कुठे विसरून आलीस?" सलवाने वळून बघायच्या आतच विचारलं. "बस. मुजद्दरा केलाय. मसूर तुझ्या सासूसारखे शिजेचनात, पण खा."

"भूक नाही यम्मा."

"दूध पाजणारी बाई आणि भूक नाही! तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता, बाळाला बघायला. म्हटलं, ती झोपलीय, मला बघ. ठेवून दिला मेल्याने."

रनीम हसली नाही. तिने मिरालला उचललं, नाकाखाली बोट धरून श्वास पाहिला, मग छातीशी घेतलं. सलवा समोर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. जरा वेळाने म्हणाली, "त्याची गाडी तुझ्याकडे आलीय ना?"

"कुणी सांगितलं?"

"लमाँट बेकरीत भेटला. त्याच्या तोंडाला झाकण कुठे असतं? काय आहे तिच्यावर?"

"काय असणार? माती असते यम्मा. गुळगुळीत आहे सगळी. त्यांनी पुरी केली होती."

सलवा उठली. हात पुसले, रनीमच्या समोर आली, डोळे मिटले आणि उजवा तळवा लेकीच्या गालावरून सावकाश फिरवला. कपाळावरून, भुवईवरून, हनुवटीपर्यंत. बाबा मातीवरून फिरवायचे तसा. हात जबड्यापाशी थांबला, जिथे रनीमने दात आवळून धरले होते.

"इथे खळगा आहे," ती म्हणाली. "तुझ्या बापाबरोबर जन्म काढलाय मी. मला इस्त्री करून सांगू नकोस. तुझा धंदा तो तिकडे कर."

रनीमचा बांध फुटला. तिने सांगितलं. हात, भार, गार माती, ओघळ. ऐकताना सलवाचा चेहरा दगडासारखा होत गेला. रडली नाही. फक्त विचारलं, "कुठला हात?"

"उजवा."

"नक्की?"

"आधी डावा दिसत होता. उलटा पडला होता. उजवाच आहे."

"दाखव."

रनीमने फोनवर घेतलेलं चित्र पुढे केलं. सलवाने फोन टेबलावर ठेवला, शेजारी स्वतःचा उजवा हात पालथा टेकला, आणि एकेक बोट जुळवत गेली. अंगठा. मधलं. अनामिका दुमडून अर्धी केली. करंगळी. मग थांबली.

"हे बोट?"

"तिथे काही नाही."

"नाही म्हणजे तुझ्या यंत्राला दिसलं नाही?"

रनीम हो म्हणणार होती. मग तोंड उघडंच राहिलं. यंत्राला जिथे दिसत नाही तिथे ढगात भोक पडतं, बिंदूच नसतात. सकाळी तिने हाताखालचे बिंदू काढले आणि परत आणले होते. तर्जनीच्या जागी ते इतर ठिकाणांइतकेच दाट होते. माती तिथे सपाट होती. कुणीही न शिवलेली.

"दिसलं," ती म्हणाली. "तिथे बोट टेकलंच नव्हतं. सगळा हात टेकलेला, आणि ते एक बोट वर."

दोघी टेबलावरच्या हाताकडे बघत होत्या. सलवाची तर्जनी हळूहळू उचलली गेली, तिने उचलली असंही वाटलं नाही, आणि तशीच वर राहिली. नमाजात बसल्यावर, अल्ला एकच आहे अशी साक्ष देताना उचलतात तशी.

"क्षणात, क्षणात," सलवा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "सगळ्यांनी डोकं खाल्लं माझं. दिवा मालवावा तसा म्हणे. अगं, क्षणात शेवटचा कलमा पढून होतो का? माझा बाप गावी वारला तेव्हा आम्ही सगळे भोवती होतो, कानात सांगत होतो. आणि हा, ज्याने एक नमाज सोडला नाही, त्याला एवढीही उसंत मिळाली नाही? रोज हेच. डोळा लागला की तो दिसायचा, ओठ हलवायचा आणि आवाजच नाही." तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. "त्याला वेळ होता. सांग ना परत. त्याला वेळ होता?"

"होता," रनीम म्हणाली. "बराच." आणि मग राहवलं नाही म्हणून, "एकटेच होते गं, यम्मा."

"हो." सलवाने फोन पालथा ठेवला. नळ टपटपत होता. "तेही आहेच."

रनीमच्या मनात एक गोष्ट येऊन गेली: कळ आली तरी माणूस बोट उचलतो. जिथे मोजमाप नसतं तिथे आजूबाजूच्या वळणावरून भरून काढायचं असतं, हा तर तिचाच धंदा. आईने तसंच केलं असेल का? पण इथे मोजमाप होतं. तिने ती शंका मनातच ठेवली.

निघताना तिने विचारलं, "त्या हाताचं काय करू?"

"काय म्हणजे? भरून टाक." सलवाने भांडं उचललं. "ते काय लोखंडावर उमटवून गावभर फिरवायचं असतं? ज्याला दिसायचं त्याला दिसलं."

दुकानात परत येऊन रनीमने दार भरलं. कमीत कमी खुंट्या, एकच सलग ताण. मग कस लावून पाहिला: पडद्यावरच्या गाडीवर काळे-पांढरे पट्टे सोडले. ते बॉनेटवरून दारावर आले, त्या जागेवरून न वळता, न अडखळता मागच्या चाकाकडे वाहत गेले. दोन्ही बाजूंनी. तिने डोळे मिटून काचेवर तळवा टेकला. काच गारच होती. तिने काम ग्लेनकडे पाठवून दिलं.

मग कोपऱ्यातल्या खिडकीकडे पाहिलं.

पाळण्याशेजारच्या पलंगावर यम्मा झोपली होती. खुर्चीत नाही, आडवी, कुशीवर, दोन्ही हात गालाखाली. तोंड जरा उघडं. इतकी गाढ की कॅमेऱ्याच्या बारीक आवाजात तिचं घोरणं ऐकू येत होतं. मिराल पालथी, पांघरुणाखाली.

पांघरूण तिच्या पाठीवर मध्येच दबलेलं होतं. तळव्याएवढा खळगा. श्वासाबरोबर पाठ वर येत होती, खाली जात होती, आणि खळगा तिच्याबरोबर वर येत होता, खाली जात होता, जागा न सोडता.

रनीमचं बोट माऊसच्या चाकावर गेलं. एकदा फिरवलं असतं तर मोठं दिसलं असतं. किती बोटं, कुठलं अर्धं, कुठलं वर, सगळं. दिवसभर ती तेच तर करत आली होती.

तिने बोट उचललं.

 मग हात पुढे केला आणि ती खिडकी मिटली.